हळद, गाडी आणि सीडी ट्रान्सपोर्ट

‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डाच्या बाजूनं एक चक्कर मारली की हळदीची पोती, बेदाण्याच्या पेट्या आणि जागोजागी ट्रान्सपोर्टच्या पाट्या दिसतात. आज ज्या ट्रान्सपोर्टविषयी बोलायचं आहे तो मात्र दिवाणखान्यात टीपॉयवर बसतो, तबकडी गिळतो आणि एका तारेतून नुसते आकडे बाहेर सोडतो. त्याला म्हणतात सीडी ट्रान्सपोर्ट. नाव अगदी योग्य आहे, कारण कामही मालवाहतुकीचंच. माल इथून उचलायचा, तिथं जसाच्या तसा पोचवायचा. वाटेत पोतं उघडायचं नाही.

आपल्या नेहमीच्या सीडी प्लेअरमध्ये दोन कामं एकाच पेटीत चालतात. तबकडीवरचे आकडे वाचणं हे एक, आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणं हे दुसरं. दुसरं काम करणाऱ्या भागाला हौशी मंडळी ‘डॅक’ म्हणतात. शौकीन माणसं ही दोन कामं दोन पेट्यांत वाटतात. एक पेटी फक्त वाचणारी, तोच ट्रान्सपोर्ट. दुसरी फक्त आवाज करणारी. मग या वाचणाऱ्या पेटीच्याही पायऱ्या लागल्या. काही हजारांत मिळणारी, लाखाची, आणि जपानमधल्या एसोटेरिकसारख्या कंपन्यांची, जिच्या किमतीत आपल्याकडे मोटार दारात उभी राहील.

प्रश्न साधा आहे. नुसती वाचणारी पेटी महाग घेतली तर गाणं जास्त चांगलं ऐकू येतं का?

मी बी. ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी सोयरीक दहावीपर्यंतची. पण विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी हा प्रश्न माझ्यापुढे टाकला तेव्हा त्यामागं त्यांची निवृत्तीनंतरची पुंजी होती. ते बँकेतून निवृत्त झालेले. घरात पाचशेच्या आसपास सीडी, बहुतेक शास्त्रीय संगीताच्या. पुण्याच्या एका विक्रेत्यानं त्यांना दीड लाखाच्या वरचा एक ट्रान्सपोर्ट आठ दिवस घरी नेऊन ऐकायला दिला होता. “कविराज, तुमचा कान चांगला आहे. तुम्ही सांगाल ते मी करीन,” असं ते म्हणाले. दीड लाखाचा कौल एका कवीच्या कानावर टाकणं काही बरं नव्हे. म्हणून आधी हे यंत्र चालतं कसं, ते समजून घ्यायचं ठरवलं.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडी घडवली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये विक्रीला आली. बारा सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच चक्राकार वाट असते. ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल, म्हणजे सांगलीहून निघून मिरजेच्या जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत. या वाटेवर सूक्ष्म खळगे असतात. डोळ्यांना न दिसणारा लेसरचा किरण त्या खळग्यांवरून जातो आणि परत फिरलेल्या उजेडावरून शून्य की एक, हे ओळखलं जातं. आवाजाची मोजमापं सेकंदाला ४४ हजार १०० वेळा घेतलेली असतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची. सेकंदाला चौदा लाखांच्या वर शून्य-एक झाले. ते बिनचूक वाचायचे, हेच ट्रान्सपोर्टचं काम.

इथं ग्रामोफोनच्या काळातली एक समजूत आपल्या डोक्यात घर करून बसलेली आहे, ती आधी बाजूला केली पाहिजे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमारास निघाल्या, आणि पुढं १९३४ ते १९३६ या काळात ओडियनच्या. ज्या रेकॉर्डमुळं खाँसाहेबांचा ‘जमुना के तीर’ घराघरांत गेला, ती त्या नंतरच्या काळातली. ती रेकॉर्ड वाजवताना चकती थोडी जोरात फिरली तर खाँसाहेबांचा षड्ज वर चढायचा, हळू फिरली तर खाली उतरायचा. चावी संपत आली की गाणारा पेंगायला लागायचा. सुई बोथट असेल तर आवाज घोगरा. तिथं फिरवणारं यंत्र आणि गाणं यांच्यामध्ये काही अंतरच नव्हतं. चकती फिरणं हेच गाणं होतं. म्हणून जड चकती, उत्तम मोटार, चांगली सुई यांवर पैसे घालणाऱ्याला त्याचा मोबदला कानांनी मिळत होता.

सीडीही फिरते, म्हणून ती त्याच पद्धतीनं गाते असं आपण धरून चालतो. विकणारेही तसंच धरून बोलतात. प्रत्यक्षात सीडी मुद्दाम वेग बदलत फिरते. आतल्या कडेला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे, बाहेर जाईपर्यंत दोनशेवर. आणि या फिरण्यातली लहानसहान डळमळ आवाजात उतरत नाही. कारण वाचलेले आकडे आधी एका साठवणीत जातात आणि तिथून घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. आपल्या घरांत नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं येतं, पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी धार एकसारखी असते. टाकी रिकामी झाली नाही म्हणजे झालं. सीडी वाचणाऱ्या प्रत्येक पेटीत अशी टाकी असते, साध्यातल्या साध्या पेटीतसुद्धा.

दुसरी गोष्ट मला तर फार सुंदर वाटली. तबकडीवर ओरखडा पडला तर आकडे बुडणारच. त्यावर उपाय म्हणून आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित वापरलं आहे. आपण पूर पाहिलेली माणसं आहोत. २००५ चा पाहिला, २०१९ चा पाहिला. ज्यानं घरातले सगळे कागद एका कपाटात ठेवले त्याचं सगळं गेलं. समजा एखाद्यानं वहीची पानं सुटी करून दहा घरांत वाटून ठेवली, आणि सोबत अशी टिपणं ठेवली की हरवलेलं पान उरलेल्यांवरून पुन्हा लिहून काढता यावं, तर एखादं घर बुडालं तरी वही पुरी करता येईल. सीडीवर नेमकं हेच केलेलं असतं. शेजारी शेजारी वाजणारे आकडे तबकडीवर दूर दूर पांगवलेले असतात आणि हिशेबाचे जादा आकडे सोबत दिलेले असतात. त्यामुळं वाटेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी तो तंतोतंत भरून काढता येतो. साधारण असा अंदाज करून घालणं नव्हे, मूळचा आकडाच परत मिळतो. त्याहून मोठं भगदाड असेल तर मग अंदाजानं भरतात, आणि तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद होतो किंवा तबकडी अडकते.

यातून घरात वापरायची एक गोष्ट निघते. सीडी पुसताना गोल गोल पुसू नये. मऊ कापडानं मधून बाहेर, सरळ रेषेत पुसावी. आडवा ओरखडा वाटेला एकाच ठिकाणी छेदून जातो, त्याचं भरून निघतं. गोल ओरखडा वाटेबरोबरच धावतो आणि लांबच लांब तुकडा खाऊन टाकतो.

तर धड तबकडी असेल तर स्वस्त पेटी आणि महाग पेटी तेच आकडे देतात. गाडी भारी आहे म्हणून हळद जास्त पिवळी होत नाही. गाडी गळकी असेल तर मात्र हळद भिजते.

महागड्या पेटीचे वकील इथं एक मुद्दा काढतात आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, आकडे तेच, पण ते पोचण्याची वेळ? तबलजीचे बोल बरोबर आहेत, पण मात्रा डळमळीत पडते आहे, तर गाणं बिघडणारच. डिजिटल आवाजातल्या या डळमळीला ‘जिटर’ म्हणतात. ट्रान्सपोर्ट आणि डॅक यांच्यामधल्या तारेतून आकडे आणि ठोका दोन्ही एकत्रच जातात, त्यामुळं ट्रान्सपोर्टचं घड्याळ डळमळलं तर डॅकचंही डळमळू शकतं. दोन पेट्या वेगळ्या करण्याची चाल रुळत होती त्या काळात हा प्रश्न खरोखरचा होता आणि त्यावर मेहनत घेणाऱ्यांनी योग्यच केलं. पण दोष असणं आणि तो माणसाच्या कानाला कळणं यांत अंतर असतं. जपानमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जाणत्या ऐकणाऱ्यांना संगीतात सरमिसळ डळमळ कळायला ती काही शे नॅनोसेकंदांची असावी लागली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आजच्या बऱ्यापैकी डॅकमध्ये उरणारी डळमळ त्याच्याही हजाराव्या भागात मोजतात, कारण हे डॅक येणारा ठोका आंधळेपणानं घेत नाहीत, आपल्या घड्याळावर तो नीट करून घेतात.

विजेचा मुद्दा त्याहून जवळचा आहे. तांब्याच्या तारेनं दोन पेट्या जोडल्या की त्यांचं अर्थिंगही जोडलं जातं. आपल्याकडच्या घरांत अर्थिंग हा नशिबाचा भाग. त्यातून स्पीकरमध्ये बारीक घुंईं असा आवाज यायला लागतो आणि माणूस पेटीला दोष देतो. अशा वेळी प्रकाशाच्या तारेनं, म्हणजे ऑप्टिकल केबलनं जोडून पाहावं. विजेची वाटच तुटते. काही शे रुपयांत काम होतं, आणि त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं तर आणखी उत्तम.

आता परीक्षेकडे येतो. स्नेह्यांच्या घरी दोन यंत्रं होती. एक तो दीड लाखाचा ट्रान्सपोर्ट, दुसरा त्यांचा वीसेक वर्षांचा डीव्हीडी प्लेअर, ज्याच्या पाठीमागं डिजिटल आउटचं भोक आहे. दोन्ही एकाच डॅकला जोडले. डॅक एक, अॅम्प्लिफायर एक, स्पीकर तेच, आवाजाचं बटण हलवायचं नाही. हे फार महत्त्वाचं, कारण जो आवाज किंचित मोठा तो आपल्याला किंचित चांगला वाटतो. दुकानात महाग वस्तू पसंत पडण्यामागं पुष्कळदा एवढंच असतं. इथं ती भीती नव्हती. आकडे तेच असतील तर आवाजाची उंचीही तीच राहणार.

एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन सीडी मिळवल्या. यंत्रांवर जुनी साडी पडद्यासारखी सोडली. पडद्याआड वहिनी. त्यांनी दर खेपेला नाणं उडवायचं, छापा आला तर एक यंत्र, काटा आला तर दुसरं, आणि ते कालनिर्णयच्या पाठीमागं लिहून ठेवायचं. आम्ही तिघं बाहेर: स्नेही, मी, आणि शेजारची वालचंद कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जिचे कान आमच्यापेक्षा तीस-चाळीस वर्षांनी ताजे. परीक्षेआधी दोन्ही यंत्रं उघड्यावर ऐकली होती. तेव्हा स्नेही छातीठोकपणे म्हणाले होते की नव्या यंत्रात तंबोऱ्याची आस लांब टिकते आणि गायकाच्या मागं जागा मोकळी वाटते. मलाही तसंच ऐकू आलं होतं. ते खोटं बोलणं नव्हे. डोळ्यांना किंमत दिसली की कान तिची बाजू घेतो, आणि हे आपल्या नकळत होतं.

मग पडद्याआड दहा खेपा. स्नेह्यांची सहा उत्तरं बरोबर आली, माझी पाच, त्या मुलीची चार. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी याच्या आसपासच लागलं असतं. दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर आली असती तर मी मान तुकवली असती, कारण नुसत्या अंदाजानं तसं घडण्याची शक्यता हजारात अकराच्याही आत-बाहेर आहे. नंतर त्या मुलीनं दोन्ही यंत्रांतून येणारे आकडे आपल्या संगणकात उतरवून घेतले आणि एकमेकांवर ठेवून पाहिले. सुरुवातीची शांतता सोडली तर पहिल्या स्वरापासून शेवटच्या टाळीपर्यंत एका शून्याचाही फरक नाही.

स्नेही थोडा वेळ गप्प बसले. “पण कविराज, मघाशी ऐकू आलं होतं हो,” एवढंच म्हणाले.

कान खरा की माप खरं, हा वाद सांगलीला नवा नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी इथंच स्वरांची कंपनं मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडायचा खटाटोप केला. त्यांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या कामात त्यांनी गळा वापरला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. पुढं या श्रुतींवरून मोठे वाद झाले, भातखंड्यांना ती मांडणी पटली नाही. त्या वादात मी पडत नाही, माझी तेवढी पोच नाही. मला आवडते ती देवलांची रीत. मोजायचं यंत्र होतं, तरी ते गाणाऱ्याकडे गेले. आणि गाणारा हाताशी होता, तरी त्यांनी मोजणं सोडलं नाही. आमच्या त्या संध्याकाळीसुद्धा आम्ही कानाला बाहेर काढलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांवर फक्त साडी टाकली होती.

मग दीड लाख कुठं घालावेत? स्पीकरमध्ये आणि खोलीत. ही काही कवीची लहर नाही. दोन ट्रान्सपोर्टमधला फरक आम्हाला पकडता आला नाही, पण दोन स्पीकरमधला फरक वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितला असता. परीक्षेसाठी इंग्रजी वाद्यवृंद लावायची गरज नाही. मिरजेत जी वस्तू होते, तीच उत्तम कसोटी. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासतो, सुताचा धागा सूतभर पुढं-मागं करतो आणि ऐकत राहतो. एका तारेतून वरच्या सुरांचं जे मोहोळ उठतं, ते नीट उठलं की थांबतो. खाँसाहेब स्वतः या कामात वाकबगार होते. ते मोहोळ स्पीकरमधून येतं का, की नुसता गुंजारव येतो, हे ऐकावं. खरजाची तार भिंतीत घुमत राहते का, हे ऐकावं. आपल्या खोल्यांत खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना कोऱ्या भिंती. टाळी वाजवून पाहा; ती परत बोलली तर लाखाचा ट्रान्सपोर्टही तिला गप्प करणार नाही. जाड सतरंजी, पुस्तकांचं कपाट, जाड पडदा यांनी ती गप्प होते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं ओढले तर एक पैसाही लागत नाही.

तबकडीवर मुळात काय उतरवलं आहे, हे तर सगळ्यांच्या वर. जुन्या रेकॉर्डवरून सीडी करताना कुणी खरखर इतकी पुसून काढतं की तिच्याबरोबर आवाजाची धारही जाते, आणि खाँसाहेब घोंगडी पांघरून गायल्यासारखे वाटतात. तीच रेकॉर्ड दुसऱ्यानं हलक्या हातानं साफ केलेली असेल तर थोड्या खरखरीसह गळा समोर येतो. या दोन सीडींमधला फरक कुणीही सांगेल.

असं असलं तरी ट्रान्सपोर्ट घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. चांगल्या ट्रान्सपोर्टचे गुण आहेत, ते फक्त दुकानदार सांगतो त्या जागी नाहीत. पहिला गुण, त्यानं खोलीत आवाज करू नये. जुना डीव्हीडी प्लेअर फिरताना घर्रर्र करतो, आणि विलंबित ख्यालाच्या पहिल्या आलापीत ते घर्रर्र गायकाच्या मांडीला मांडी लावून बसतं. दीड लाखाचा ट्रान्सपोर्ट या बाबतीत खरोखर मूक होता. दुसरा, गाण्यांमधल्या जोडावर त्यानं गचका देऊ नये. आपल्या सीडींवर विलंबित आणि द्रुत यांना वेगळे क्रमांक दिलेले असतात, पण गाणं सलग चालू असतं. तिथं क्षणाची फट पडली की सम हुकल्यासारखं होतं. तिसरा, १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर वरचे सूर मुद्दाम उचलून नोंदवलेले असतात आणि ‘वाजवताना खाली आणा’ अशी खूण आकड्यांत ठेवलेली असते. ती खूण पुढं पोचली नाही, किंवा डॅकला कळली नाही, तर आवाज कर्कश लागतो. अशी एखादी जुनी सीडी खिशात घालूनच दुकानात जावं.

आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: याचं लेसरचं यंत्र कुणाचं आहे आणि दहा वर्षांनी ते मिळेल का? बाहेरची पेटी कुणाचीही असो, आतलं वाचणारं यंत्र बनवणारे जगात थोडेच, आणि तेही कमी होत आहेत. फिलिप्सचं ‘सीडी-प्रो टू’ हे यंत्र अनेक भारी कंपन्या वापरत. ते बनणं थांबलं आणि कितीतरी लाखमोलाच्या पेट्यांना सुटे भाग शोधत फिरण्याची पाळी आली. लेसर झिजणारी वस्तू आहे. ज्याचं लेसर बदलून मिळत नाही तो ट्रान्सपोर्ट पुढं शोभेच्या कपाटात जातो, मग त्याचा दर्शनी भाग चार बोटं जाड ॲल्युमिनियमचा का असेना.

आता गळक्या गाडीकडे. स्नेह्यांच्या घरात विकतच्या सीडींखेरीज एक पत्र्याची पेटी आहे. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीत सभा होते, हे आपण जाणताच. १९३७ मध्ये खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात वारले. त्यांना इथं आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथं येऊन गाणं म्हणजे हजेरी, त्याची बिदागी विचारायची नसते. स्नेह्यांनी त्या रात्रींची कॅसेटवर केलेली मुद्रणं २००३ च्या सुमारास घरच्या संगणकावर सीडींमध्ये उतरवली. अशा बासष्ट तबकड्या. कॅसेटी नंतर बुरशीनं गेल्या. त्यातले काही गाणारे आज नाहीत, आणि ते मुद्रण दुसऱ्या कुणाजवळ असेल याची खात्री नाही.

घरी उतरवलेली सीडी ही विकतच्या सीडीसारखी दिसते, पण तिची जात वेगळी. विकतच्या सीडीत खळगे ठशानं दाबलेले असतात. घरच्या सीडीत एका रंगाच्या थरावर लेसरनं डाग पाडलेले असतात. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी तो रंग विटत जातो. त्यातून उजेडही कमी परततो, म्हणून वाचायलाही जड. आणि तो थर तळाशी नसतो, वरच्या नावाच्या बाजूला, पातळ लाखेच्या अगदी खाली असतो. आपण खालची बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेन रेटून राग आणि तारीख लिहितो. लिहायचंच असेल तर पाण्याच्या शाईचं मऊ टोकाचं पेन वापरावं, तेही मधल्या पारदर्शक गोलावर. कागदी लेबल चिकटवू नये.

या बासष्ट तबकड्या आम्ही दीड लाखाच्या ट्रान्सपोर्टला घातल्या. त्यानं एकोणपन्नास वाचल्या. तेरा तबकड्यांना ‘डिस्क नाही’ म्हणून सांगितलं. डीव्हीडी प्लेअरनं त्या तेरांपैकी दोन घेतल्या. उरलेल्या त्या मुलीनं घरी नेऊन संगणकाच्या साध्या ड्राइव्हवर लावल्या, ज्याची किंमत या ट्रान्सपोर्टच्या डब्याला बांधलेल्या फितीएवढी असेल. त्यानं चार वाचल्या. त्यामागं जादू नाही. ट्रान्सपोर्टला गाणं चालू ठेवायचं असतं. टाकी रिकामी व्हायच्या आत आकडा मिळाला तर मिळाला. संगणकाला घाई नसते. तो वेग कमी करून तीच जागा पन्नास वेळा वाचू शकतो आणि उत्तरं जुळली की मगच पुढं सरकतो. त्यासाठीची प्रणाली फुकट मिळते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यातलं जुनं नाव.

ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत, मग त्या मुंजीच्या असोत, आजीच्या ओव्यांच्या असोत की कीर्तनाच्या, त्यांना माझं सांगणं आहे की ट्रान्सपोर्टचा विचार नंतर करावा. आधी त्या संगणकात उतरवाव्यात. एमपी-थ्री करू नये, त्यात आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो. फ्लॅक नावाची पद्धत आहे, तिच्यात फाइल लहान होते पण एकही आकडा जात नाही. दोन प्रती कराव्यात आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. नदीकाठच्या मंडळींनी ती वरच्या अंगाला राहणाऱ्या पाहुण्यांकडे ठेवावी.

स्नेह्यांनी ट्रान्सपोर्ट परत पाठवला. पुढं त्यांनी एक बेताच्या किमतीचा, मूक फिरणारा आणि लेसर बदलून मिळणारा ट्रान्सपोर्ट घेतला, कारण त्यांना फोनच्या पडद्यावर बोट घासून गाणं लावायला आवडत नाही. तबकडी हातात धरून, पुस्तिका उघडून लावायला आवडतं. ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आणि वहिनींनीही मान्य केलं. उरलेल्या पैशांतून स्पीकर आले, सतरंजी आली.

सात तबकड्या अजून वाचल्या गेलेल्या नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह वेगवेगळ्या तबकड्यांना वश होतात, म्हणून ती मुलगी कॉलेजातल्या जुन्या संगणकांचे ड्राइव्ह एकेक करून आणते आहे. मागच्या आठवड्यात एका तबकडीवरची पहिली अकरा मिनिटं निघाली: तंबोरे जुळवण्याचा आवाज, कुणाची तरी खोकल्याची उबळ, आणि मग षड्ज.